सुवार्ता आणि दुखावलेल्या भावना

उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी इथे आहे आणि पुण्यतिथीला, माघ वद्य नवमीला, आसपासच्या गावांतून माणसं येतात. घोरपड लावून सिंहगडाचा कडा चढल्याची कथा इतिहासातली की शाहिराच्या पोवाड्यातली, यावर दोघांनी पारावर बसून वाद घातला तर कोणी पोलिसांत जात नाही. तोच वाद पुस्तकात गेला, लिहिणारा परका निघाला आणि विषय थेट महाराजांचा असला की काय होतं, ते ५ जानेवारी २००४ च्या हल्ल्यात पुण्याच्या भांडारकर संस्थेने पाहिलं. जेम्स लेन यांच्या त्या पुस्तकावरची बंदी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, पण प्रकाशकाने पुस्तक आधीच मागे घेतलं होतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की आणखी एक आठवण भेटते. २००९ चं साहित्य संमेलन तिथे अध्यक्षाविना पार पडलं, कारण तुकोबांवरच्या कादंबरीने वारकरी दुखावले आणि निवडून आलेल्या आनंद यादवांना पद सोडावं लागलं.

हे प्रसंग ख्रिस्ती नाहीत. तरी ख्रिस्ती माणसाने, त्यातही माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती माणसाने, धर्म आणि बोलण्याचं स्वातंत्र्य यांचा विचार इथूनच सुरू करावा असं मला वाटतं. आमच्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच 'आपल्यावरचा अन्याय' या स्टेशनावर जाऊन थांबते. अन्याय आहे, त्याकडे येतोच. पण प्रश्न त्याहून जुना आहे, आणि त्याची मराठीतली कागदपत्रं सावित्री नदीच्या काठानेच सापडतात.

आधी जुनं वळण म्हणजे काय ते सांगतो. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन, येशू हाच तारणाचा मार्ग, आणि ही सुवार्ता इतरांना सांगणं ही ऐच्छिक बाब नसून आज्ञा आहे, असं मानणारा तो जुन्या वळणाचा. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं म्हणून चहा प्यायला उठणं त्याला जमत नाही. त्याच्या विश्वासातच दुसऱ्याशी मतभेद आहे, आणि तो मतभेद तोंडाने बोलून दाखवणं आहे. उदारमतवादी ख्रिस्ती विचारवंत 'संवाद' म्हणतात, तेव्हा त्यांना कायद्याची फारशी अडचण होत नाही. अडचण होते ती 'तुम्ही चुकता आहात, आणि मी सांगतो ते खरं आहे' असं म्हणणाऱ्याची. म्हणून मोकळ्या बोलण्याची सर्वांत जास्त गरज आम्हालाच आहे, आणि ही गरज आम्हीच सर्वांत कमी ओळखली आहे.

सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. महाडला एकेकाळी माल यायचा तो या खाडीतून, गलबतांनी. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले लोक याच मुखाशी, बाणकोटला येऊन राहिले. कंपनी सरकारला त्यांचं फार प्रेम होतं असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. १८१३ च्या सनदेपर्यंत कंपनीने मिशनऱ्यांना दारातच अडवलं होतं. मुंबईत पोचलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना परत जाण्याचे हुकूम निघाले होते. पेशवाई बुडाल्यावरही मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन फार सावध होता. लोकांच्या धर्माला हात लावला तर राज्य हलेल, ही धास्ती त्याला होती. धर्मावर कोणी काय बोलावं याची पहिली चाळणी इथे व्यापाऱ्यांच्या सरकारने लावली, आणि ती ख्रिस्ती प्रचारकांना लावली.

पुढे जॉन विल्सन आले. मराठी शिकायला ते आधी हर्णै-बाणकोटकडेच राहिले आणि मग मुंबईत त्यांनी जाहीर वाद मांडले. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' लिहून उत्तर दिलं, विल्सननी १८३२ मध्ये त्यावर प्रत्युत्तर छापलं. आज ती भाषा वाचवत नाही. समोरच्याच्या देवांविषयी विल्सन जे लिहितात त्यातल्या निम्म्यावर आज गुन्हा नोंदला जाईल, आणि मोरभटांनी ख्रिस्ताविषयी जे लिहिलं त्यावरही. तरी दोघांचीही पुस्तकं निघाली आणि वाचली गेली. कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीत जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी तर १८५७ च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांना खुल्या मैदानात भिडले. गर्दी जमायची, पाद्री बोलायचे, बुवा खोडून काढायचे. गंमत अशी की त्या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत पुस्तकरूपाने काढला तो समोरच्या बाजूच्या जॉर्ज बोएन या मिशनऱ्याने. प्रतिपक्षाचं म्हणणं छापून ठेवणारा असा विरोधक आता शोधावा लागेल.

अर्थात त्या किनाऱ्यावरचं मैदान सपाट नव्हतं. एका बाजूला राज्यकर्त्यांचा धर्म होता, शाळा होत्या, छापखाने होते. आमच्या मंडळीतले लोक मिशनऱ्यांच्या धैर्याच्या गोष्टी सांगतात, तेव्हा हे सांगायला विसरतात. आणि त्याहून जुनी गोष्ट तर विसरतातच. ख्रिस्ती राज्य जिथे पक्कं होतं त्या गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं आणि ते कायमचं उठायला १८१२ उजाडलं. तिथे दुसऱ्याचं बोलणं, सण, ग्रंथ, एवढंच काय जेवणखाणही तपासलं गेलं. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघालं, त्याचा मराठीला अभिमान आहे आणि मलाही. पण त्याच काळात त्याच भूमीवर दुसऱ्या पुराणांना जागा नव्हती. सत्ता हातात असताना आम्ही इतरांना बोलू दिलं नाही, ही नोंद खोडता येत नाही.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत तिथे तटस्थता ठेवायची असं ठरलेलं होतं, कोणाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, कोणाला शिकवायचं नाही. रमाबाईंनी ते पाळलं, पण स्वतःची प्रार्थना सोडली नाही. पहाटे त्या आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत आणि दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. दार लोटून घ्या, एवढंच त्यांना सांगितलं गेलं, आणि त्या नाही म्हणाल्या. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार समितीतून अंग काढून घेतलं, पुष्कळ पालकांनी मुली नेल्या, 'केसरी'ने सदनावर आगपाखड केली. उघड्या दारातून दिसलेली प्रार्थना म्हणजे प्रचार की नाही? रानड्यांसारखा समंजस माणूसही या प्रश्नावर एका बाजूला गेला. मी त्यांना दोष देत नाही. विधवा मुलींचे पालक आधीच भेदरलेले होते, आणि संस्था वाचवायची होती. पण रमाबाईंची बाजू अशी होती की ज्या श्रद्धेला दार लावून घ्यावं लागतं तिला स्वातंत्र्य मिळालंय असं म्हणता येत नाही. याच बाई चर्चच्या वरिष्ठांनाही त्याच ठसक्याने उत्तर देत होत्या. बाप्तिस्मा घेतल्यावर धर्माधिकाऱ्यांनी सांगितलेलं प्रत्येक मत त्यांनी डोळे मिटून स्वीकारलं नाही. आमचे लोक त्यांचा पहिला ठसका सांगतात, दुसरा गाळतात.

आता महाड. १९२७ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या एकत्र ठेवून पाहिल्या जात नाहीत. सप्टेंबरमध्ये केंद्रीय कायदेमंडळाने दंडसंहितेत २९५ अ हे कलम घातलं. कारण लाहोरचं होतं. पैगंबरांवरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने सोडलं होतं, कारण असलेल्या कलमांत तो बसत नव्हता. नवं कलम म्हणालं, एखाद्या वर्गाच्या धर्माचा वा धर्मश्रद्धांचा मुद्दाम आणि दुष्ट हेतूने अपमान केला तर शिक्षा. चर्चेत जीनांनी बजावलं होतं की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा यात सापडता कामा नये. तो प्रकाशक राजपाल १९२९ मध्ये भोसकला गेला. कलमाने त्याला वाचवलं नाही, आणि मारणाऱ्यालाही थोपवलं नाही.

आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, मुंबईहून बोटीने दासगावला उतरून डॉ. आंबेडकर महाडला आले. परिषदेला जागा द्यायला कोणी हिंदू तयार नव्हता. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. अस्पृश्यांनी चवदार तळ्यावर जाण्याला दिवाणी कोर्टाने मनाई केली होती, म्हणून सत्याग्रह तहकूब करावा लागला. पण रात्री मांडवासमोर खणलेल्या लहानशा चौकोनी खड्ड्यात चंदनाची लाकडं रचली गेली आणि ठराव मांडून मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते. ती रात्र नाताळची होती. माझ्या घरच्या नाताळात या गोष्टीचा कधी उल्लेख झाला नाही.

नव्या कलमाच्या शब्दांत हे बसत होतं का? एका वर्गाच्या पूज्य ग्रंथाला जाहीरपणे, ठरवून, आग लावली गेली. कुठल्याही पोलीस ठाण्यात लिहून घेता येईल इतकं हे सरळ आहे. या दहनावरून बाबासाहेबांवर त्या कलमाखाली खटला चालला नाही. तळ्याचा दिवाणी दावा मात्र १९३७ च्या मार्चपर्यंत रखडला आणि शेवटी उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. महाडच्या त्या रात्री लाखोंच्या भावना दुखावल्या यात शंका नाही. त्या दुखावायलाच हव्या होत्या. दुखल्याशिवाय तळ्याचं पाणी मोकळं होणार नव्हतं. ज्याला २९५ अ चांगलं वाटतं त्याने महाडचं उत्तर द्यावं, आणि ज्या ख्रिस्ती माणसाला ते आपलं संरक्षक वाटतं त्याने तर आधी द्यावं.

कारण आम्ही ते कलम वापरलं आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चजवळच्या क्रुसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते बाटल्यांत भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू हे बुद्धिवादी कार्यकर्ते तिथे गेले, मागची भिंत, गटार, ओल पाहिली आणि म्हणाले, तुंबलेल्या निचऱ्याचं पाणी भिंतीतून वर चढतंय. त्यांनी ते टीव्हीवर सांगितलं आणि सोबत चर्चवरही चार बोचरे शब्द बोलले. कॅथलिक संघटनांनी २९५ अ खाली तक्रारी केल्या, अटकेची टांगती तलवार आली आणि गृहस्थ फिनलंडला निघून गेले. चमत्कारावर विश्वास ठेवणारा म्हणून मी म्हणतो, हा चमत्कार नव्हता, आणि असता तरी त्याला पोलिसांची गरज नव्हती. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' या सिनेमावर बंदी मागणारे आमचेच होते. गोव्यासह काही राज्यांनी ती घातलीही. २०१५ मध्ये 'ॲग्नेस ऑफ गॉड' या नाटकाविरुद्ध मुंबईत पुन्हा तेच.

यात मला खुपतं ते असं. येशूला वधस्तंभावर नेणारा पहिला आरोप देवनिंदेचा होता. स्तेफनाला दगडांनी मारलं ते त्याच आरोपाखाली. पौल इफिसात बोलू लागला तेव्हा चांदीच्या मूर्ती घडवणाऱ्या सोनारांनी गाव उठवलं, आमच्या देवीचा अपमान झाला म्हणून. धंदा बसण्याची भीती आणि दुखावलेली भावना त्यात अशी मिसळली होती की वेगळी काढता येत नव्हती. शेवटी गावच्या कारभाऱ्याने जमावाला सांगितलं, या माणसांनी देवीची निंदा केलेली नाही, तक्रार असेल तर कोर्टं उघडी आहेत, आता घरी जा. नव्या करारात मला भेटलेला हा सर्वांत समंजस सरकारी माणूस. देवनिंदेच्या आरोपाच्या पिंजऱ्यात जे उभे राहिले त्यांच्या वंशजांनी फिर्यादीच्या बाजूला जाऊन बसावं, याला शास्त्राधार कुठे आहे?

सीमेपलीकडे काय झालं तेही याच मुळाचं फळ. पाकिस्तानला २९५ अ वारशात मिळालं. १९८२ आणि १९८६ मध्ये त्याला ब आणि क ही पोटकलमं जोडली गेली, क ची शिक्षा मृत्युदंडापर्यंत. आसिया बीबी ही ख्रिस्ती बाई विहिरीवरच्या पाण्याच्या भांड्यावरून झालेल्या भांडणातून त्यात अडकली आणि २०१८ मध्ये सुटेपर्यंत आठ-नऊ वर्षं तुरुंगात होती. विटाळाच्या पाण्याचं भांडण. महाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या आमच्या बांधवांची तक्रार वेगळी आहे. फिनलंडच्या माजी मंत्री पायवी रॅसानेन यांच्यावर समलैंगिकतेविषयी बायबलचं वचन दाखवणाऱ्या ट्विटवरून आणि एका जुन्या पुस्तिकेवरून खटला झाला. २०२२ आणि २०२३ मध्ये दोन न्यायालयांनी त्यांना निर्दोष सोडलं, तरी सरकारी पक्ष वर गेला. तिथेही दावा अपमानाचाच, फक्त दुखावलेला गट वेगळा. एडामारुकू ज्या देशात आसऱ्याला गेले तोच हा देश. अमेरिकेत मात्र समलिंगी लग्नाचा केक नाकारणाऱ्या बेकरीवाल्या जॅक फिलिप्सना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला. या खटल्यांची भाषांतरं आमच्या मंडळ्यांत मोबाईलवर फिरतात. एडामारुकूंचं नाव त्यात नसतं.

आता आमच्यावरचा अन्याय. राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य देतं. हा शेवटचा हक्क ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चांगलाच गाजला. काहींना तो नको होता. कन्हैयालाल मुनशींनी सांगितलं की ख्रिस्ती लोकांना त्याचं महत्त्व आहे, आणि भाषणस्वातंत्र्य मान्य केलं की दुसऱ्याला आपल्या धर्माकडे वळवायला समजावणं आपोआप आलंच. टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितलं की मी चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, मला कोणी बाटवायला आलं नाही. हक्क राहिला. त्याला पहिली कात्री १९७७ मध्ये लागली. ओडिशा आणि मध्य प्रदेशच्या १९६७ आणि १९६८ च्या कायद्यांवरून गेलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रचाराचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क नाही. म्हणजे समजावून सांगा, पण समोरच्याला पटलं तर जपून. हा निवाडा मला आजही कच्चा वाटतो. पटवण्यासाठी बोलायचं आणि पटू द्यायचं नाही, असं बोलणं कोणी करतं का?

त्यानंतर राज्याराज्यांत कायदे कडक होत गेले. उत्तर प्रदेशात धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला साठ दिवसांची सूचना द्यावी लागते. २०२४ च्या दुरुस्तीने कोणीही तिऱ्हाईत तक्रार करू शकतो. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने अशा कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या कायद्यांतला 'प्रलोभन' हा भाग फार सैल असतो. फुकट शाळा, दवाखान्यातली सवलत, काही ठिकाणी तर चांगल्या आयुष्याचं आश्वासनही त्यात येतं. पापक्षमा आणि सार्वकालिक जीवन यांचं आश्वासन हीच तर सुवार्ता. ती प्रलोभनात धरायची तर कोणत्याही कीर्तनकाराला वैकुंठाचं नाव घेता येणार नाही.

पण उलट बाजूचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. भुकेल्याला धान्य देऊन मग प्रार्थनेला बसवणारे झाले आहेत. मिशनच्या जुन्या अहवालांत दुष्काळानंतर एकदम वाढलेले बाप्तिस्मे दिसतात, आणि ते लिहिणाऱ्यांनाही त्या वाढीची शंका येत होती. 'चंगाई प्रार्थने'त औषधं फेकून द्यायला सांगणारा पाळक मला भेटला तर मी स्वतः त्याच्याविरुद्ध उभा राहीन. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कोणाला इजा न करणाऱ्या प्रार्थना त्यातून वगळलेल्याही आहेत. फसवणूक, धमकी, इजा या गोष्टींना कायदा हवाच. तो श्रद्धा बदलण्याला नको, आणि ती बदलायला सांगणाऱ्या बोलण्याला नको. आणि राज्य स्वतः काय करतं तेही पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. महाडच्या सत्याग्रहींचा एखादा नातू ख्रिस्ती झाला तर त्याचा दर्जा जातो. तांदळाच्या पोत्यामुळे धर्म बदलणं हे प्रलोभन असेल, तर आरक्षण जाईल म्हणून धर्म न बदलणं याला काय म्हणायचं?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'सुबोध बायबल' लिहिणारा, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढणारा मराठी लेखक. धर्मगुरू आहे म्हणून त्यांना विरोध झाला, आयोजकांना धमकीचे फोन आले. तरी ते बोलले, आणि रोखठोक बोलले. महाबळेश्वरला यादवांच्या बाजूने ख्रिस्ती धर्मगुरूंनी जाहीर भूमिका घेतल्याचं मला कुठे दिसलेलं नाही.

धर्मांतरविरोधी कायद्याला हरकत घेताना चर्चांनी त्याच अर्जात दुसरी मागणीही लिहावी, असं माझं मत आहे. जुनं २९५ अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे. ते हटवा, निदान आमच्या नावाने वापरू नका. माझ्या ओळखीतले बहुतेक पाळक पहिल्या मागणीवर सही करतील आणि दुसरीपाशी पेन खाली ठेवतील. म्हणतील, आपण थोडे, आपल्याला तेवढाच आधार. इर्ल्यात तक्रार लगेच घेतली गेली, कारण मुंबईत चर्चच्या मागे माणसं उभी आहेत. पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत एकट्या ख्रिस्ती घराने तेच कलम घेऊन चौकीत जाऊन पाहावं.